घरचं तोंड आधी

हमदाआत्याच्या औषधाचा पहिला घोट आजाऱ्याला कधी मिळाला नाही. तो आमच्या घरातलं कुणीतरी प्यायचं. पाहुण्याला कॉफी द्यायची तर पहिला पेला यजमानाने स्वतः घ्यायचा, म्हणजे पाहुण्याच्या मनात किंतु राहत नाही. ही रीत आमच्याकडे लेकरांना चालायला येण्याआधी कळते. आत्याने तीच औषधाला लावली होती. वसंतात टेकडीवरची जअदा, एक कडू झुडूप, कापून आणायची, सावलीत वाळवायची, आणि तीन दिवस सकाळी एकेक पेला स्वतः प्यायची. चौथ्या दिवसापासून दाराशी आलेल्यांना पुडी मिळे.

"घरचं तोंड आधी, परक्याचं मागून," ती म्हणायची.

आत्या माझ्या बापाची थोरली बहीण आणि माझी सासू. तिचा एकुलता एक मुलगा जदआन माझा नवरा. मी नौफा, लग्न होऊन सतरा वर्षं झाली तरी आमच्या ऐन हजल गावात सगळे मला हमदाची सूनच म्हणतात. त्यात मला वाईट वाटायचं कारण नाही. पोटात जळजळ, आंबट ढेकर, जेवल्यावर कळ, रक्ताची उलटी, काहीही होवो, खालच्या तिन्ही वाड्यांतली माणसं आधी तिच्याकडे यायची.

त्या वर्षी पाऊस जवळजवळ झालाच नाही. घोट्याएवढी वाढणारी, लोकरीसारखी मऊ, राखाडी जअदा आमच्या टेकडीवर औषधालाही उरली नव्हती. ती कापायला आम्हाला दोन तास चालून लाल खडकाच्या पलीकडच्या ओढ्यात जावं लागायचं. विळा चालवून माझ्या तळव्यांना घट्टे पडले होते. हाताचा कडू वास भाकरीला लागायचा आणि आमच्या पोरी नाक मुरडायच्या. जदआन पाण्याचा टँकर चालवायचा. दुष्काळात त्याला उसंत नव्हती. पहाटे उपाशी निघायचा, दिवसभर काळा चहा आणि सिगारेट, आणि रात्री पोट धरून बसायचा.

त्यातच आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरने आत्याचा अपमान केला. ती गुडघ्याची गोळी आणायला गेली होती. रांगेत पंधरा-वीस बाया. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "हज्जा, तुमच्या गवताच्या पाण्यापायी लोक माझ्याकडे उशिरा येतात. परवा एक जण रक्त ओकत आला. आता हा धंदा बंद करा."

रांगेतल्या निम्म्या बायांनी तिचं औषध घेतलं होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. आत्या गोळी न घेताच परत आली.

म्हणून राजधानीच्या विद्यापीठातून डॉक्टर लुबना आली तेव्हा आत्याला आभाळ ठेंगणं झालं. लुबना तिशीची, बारीक, पायात पुरुषी बूट, हातात वही. तिने आत्याच्या हातावर ओठ टेकले आणि म्हणाली, "हज्जा, तुमचं नाव ऐकून आले. तुमची जअदा खरंच पोट राखते का, ते आम्हाला प्रयोगशाळेत बघायचंय."

"खरंच म्हणजे? चाळीस वर्षं देतेय मी."

"मला ठाऊक आहे. पण कागदावर यायला हवं ना."

कागद म्हटल्यावर आत्या सावरून बसली. तो कागद आरोग्य केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेला तिला तेव्हाच दिसला असणार.

लुबनाने सगळं नीट सांगितलं. उंदरांना एकवीस दिवस जअदाचा काढा पाजायचा. मग उपाशी ठेवून पोटात जाळणारी दारू घालायची. ज्यांना काढा दिला नाही त्यांच्या पोटाला जखमा होतील. ज्यांना दिला त्यांच्या झाल्या नाहीत, तर औषध खरं.

"उंदरांना दारू?" आत्या किंचाळली. "हराम आहे गं मेलं!"

"हज्जा, उंदीर कुठे नमाज पढतात?"

सगळे हसले. जदआनने विचारलं, "आणि जखमा झाल्या की नाही ते कळणार कसं?"

"पोट उघडून बघायचं."

"म्हणजे आमच्या जअदाने वाचले तरी ते मरणारच."

"ते मरणारच," लुबना म्हणाली आणि तिने चहाचा घोट घेतला.

आत्याने तिला वाळलेल्या जअदाचं एक पोतं भरून दिलं. बांधता बांधता विचारलं, "पाजणार किती?"

लुबनाने वहीत बघितलं. "वजनावर असतं ते. त्या हिशेबाने जदआनभाऊ उंदीर असते, तर त्यांना रोज आठ पेले लागले असते. तेही घट्ट काढ्याचे." ती हसत होती. तो विनोद होता. आज मी शपथेवर सांगते, तो विनोदच होता.

"कधीपासून?"

"येत्या रविवारी सुरू करू."

"मग आम्ही शनिवारी," आत्या म्हणाली.

लुबनाला वाटलं म्हातारी तिचीच थट्टा परत करतेय. ती आणखी हसली, गाडीत बसली आणि गेली.

गाडीची धूळ बसायच्या आत घरात भांडण पेटलं. आत्या म्हणाली, "उद्यापासून मी आठ पेले घेणार. एकवीस दिवस."

"अम्मा, ते उंदीर आहेत," जदआन म्हणाला.

"उंदीर असोत की सुलतान. माझ्या हातचं पिणार आहेत. घरचं तोंड आधी."

"तू वर्षाला तीन पेले घेतेस. हे आठ, रोजचे. तुझं वय काय?"

"माझं वय मोजायला तुला बोलावलं नाही."

"मग मी घेतो. नाहीतरी माझं पोट जळतंय. औषधच आहे ना ते? का नाही?"

या 'का नाही'ने ती अडकली. आपल्याच औषधाला भ्यायली असं कसं म्हणणार! मग म्हणाली, "घे. पण एकदा धरलंस की मधे सोडायचं नाही. रीत अर्धी मोडली की औषध मोडतं. मग त्या ओढ्यातली सगळी जअदा गवत."

"नाही सोडणार."

"आणि काढा मीच करणार. भांड्याला कुणी हात लावायचा नाही."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय बोलणार होते? चाळीस वर्षांत या औषधाने कुणी दगावलं नव्हतं. तरी त्या रात्री मी अंथरुणावर आठ पेले मोजत पडले होते.

शनिवारपासून आत्या पहाटेच्या बांगेआधी उठायला लागली. मोठं काळं पातेलं चुलीवर चढायचं. मी उठायची तोवर थर्मासमध्ये आठ पेले भरून तयार, आणि पातेलं घासून पालथं. जदआन एक पेला माझ्यासमोर प्यायचा, तोंड वेडंवाकडं करायचा आणि थर्मास घेऊन टँकरवर जायचा.

चौथ्या दिवशी तो हसत घरी आला. "नौफे, पोटातला जाळ गेला. साफ गेला! काल दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या." पाचव्या दिवशीही तसंच. आत्या ऐकत होती. जमीदचे, वाळवायच्या दह्याचे, गोळे वळताना तिचे हात थबकले नाहीत, पण ओठांच्या कडा वर गेल्या. त्या दिवशी मलाही वाटलं, आपण उगीच घाबरलो.

नवव्या दिवशी त्याने ताटली बाजूला सारली. "नको. वास येतोय." तव्यावरच्या भाकरीला कसला वास? अकराव्या दिवशी तो टँकरच्या पायरीवरच बसून राहिला. पायरी चढून आत बसायची ताकद गोळा करत होता. बाराव्या दिवशी अंग खाजायला लागलं. उघड्या पाठीने तो अंगणातल्या तंबूच्या खांबावर घासत राहायचा, खाजऱ्या उंटासारखा. पोरी हसल्या. मी हसले नाही.

चौदाव्या दिवशी तो मला शेळ्यांच्या कोंडवाड्यामागे घेऊन गेला. मान खाली घालून म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. लघवी चहासारखी होतेय. काळ्या चहासारखी."

"बंद कर. आजच बंद कर."

"सात दिवस राहिले."

"जदआन!"

"अम्माला केंद्रातल्या त्या पोराने सगळ्यांसमोर भिकारणीसारखं वागवलं. मी मधे सोडलं तर ती सोडणार नाही. उरलेले सात दिवस ती पिईल. तुला तेच हवंय का?"

मी आत्याकडे गेले. ती ओसरीच्या सावलीत पाठमोरी बसून दोरा वळत होती. त्या दिवसांत ती रमजानमधले राहिलेले रोजे धरत होती, असं म्हणायची. दिवसभर काही खायची नाही. अंगाने उतरली होती, पण सत्तरीच्या बाईने उन्हाळ्यात रोजे धरले तर उतरणारच, असं आम्ही धरून चाललो.

"आत्या, त्याला बरं नाही. खाज सुटलीय, जेवण जात नाही."

"पित्त उतरतंय. घाण बाहेर पडताना त्रास होतोच."

"मला भीती वाटते."

"तू लहानपणी वीज चमकली तरी पाण्याच्या हौदामागे लपायचीस." तिने मागे वळून बघितलं नाही. "जा. शेळ्या ओरडताहेत."

मी शेळ्या सोडल्या आणि धार काढायला बसले. हात चालत होते आणि डोक्यात त्या काळ्या लघवीचाच विचार येत होता. चारा शोधत शोधत मी त्या दिवशी जअदाच्या कोठीत डोकावले. दोन पोती आम्ही महिनाभर पुरतील म्हणून ठेवली होती. एक रिकामं होतं आणि दुसरं अर्धं.

"आत्या, जअदा एवढी कशी संपली?"

"शेळीने तोंड घातलं."

शेळी जअदाला तोंड लावत नाही. हे मला ठाऊक आहे, आत्याला ठाऊक आहे, शेळीलाही ठाऊक आहे. पण माझं सगळं लक्ष नवऱ्याच्या अंगावर होतं. मी तो विषय तिथेच सोडला. आता वाटतं, सोडला नसता तर!

पंधराव्या दिवशी मी डाव खेळले. आत्या नमाजाला बसली तेव्हा थर्मासमधला काढा रांजणामागे ओतला आणि त्यात सेजच्या पाल्याचं कडक पाणी भरलं, वरून दोन काड्या जअदाच्या टाकल्या. जदआनने पहिला घोट घेतला आणि थांबला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पेला माझ्या समोर जमिनीवर ठेवला.

"मला फसवतेस? आईच्या घरात?"

आत्या नमाजाच्या सतरंजीवरून उठून आली. तिने पेला हुंगला, आत गेली, पातेल्यातून निम्मा थर्मास भरून आणला आणि उरलेल्यासाठी पुन्हा चूल पेटवली. पातेल्यात अजून काढा होता म्हणजे! रोज मी उठायच्या आत जे घासून पालथं होतं, त्यात आज अजून चार-पाच पेले होते. हे मी डोळ्यांनी बघितलं. बघितलं आणि माझ्या मनात काही आलं नाही. मी रडत होते.

त्याच आठवड्यात खालच्या वाडीची एक बाई लेकाला घेऊन औषधाला आली. आत्याने तिला हात हलवत परत पाठवलं. "अजून आमचं पिणं संपलं नाही."

"हज्जा, दरवर्षी तीन दिवसांत देता."

"या वर्षी एकवीस."

"डॉक्टरीणबाई आल्यापासून भाव वाढला वाटतं," ती बाई जाता जाता म्हणाली. आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिची पाठ मात्र वाकली होती. मला ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारी दिसली.

अठराव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी जदआन टँकरखाली शिरून गळती बघत होता. मी त्याला पाणी द्यायला गेले. तो सरपटत बाहेर आला, पाठीवर पडूनच पेल्याला हात घातला आणि वर बघितलं. ऊन सरळ तोंडावर होतं. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा पिवळा झाला होता.

पेला माझ्या हातातून सुटला.

मी धावत आत्याकडे गेले. "त्याचे डोळे पिवळे झालेत. आत्या, कावीळ आहे ही!"

ती अंधाऱ्या खोलीत आडवी होती, काळी ओढणी कपाळाच्या खालपर्यंत ओढून. "तुझ्याच डोळ्यांना कावीळ झालीय. म्हणून तुला सगळं पिवळं दिसतं."

"बाहेर येऊन बघ!"

ती उठली नाही. "तीन दिवस, नौफा," एवढंच म्हणाली. तिचा आवाज विनवणीचा होता. माझ्या अख्ख्या आयुष्यात तिने मला कधी विनवलं नव्हतं. त्या आवाजाने मी जास्तच घाबरले.

आमच्या घराला फोनची रेंज नाही. मी टेकडीवर चढले. तीनदा चुकीचा नंबर लागला. शेवटी लुबनाचा आवाज आला, आनंदाने ओसंडणारा.

"अगं, मीच फोन करणार होते! रविवारी चौदा दिवस झाले म्हणून पहिली तुकडी उघडून बघितली. हज्जाला सांग, पोटं स्वच्छ आहेत! एक जखम नाही. ज्यांना काढा दिला नाही त्यांच्या पोटाची चाळण झालीय, आणि आपले उंदीर..."

"काळीज बघितलं?" मी विचारलं.

"काय?"

"लिव्हर. आम्ही बोकड कापला की आधी काळीज बघतो. ते चांगलं असेल तर बाकीचं खायचं. तुम्ही उघडलेत ना ते उंदीर, मग काळीज बघितलंत का?"

"आम्ही फक्त पोट बघत होतो. बाकीचं बरणीत ठेवलंय. का गं?"

"एकही उंदीर आधी मेला नाही?"

"दोन मेले. दुसऱ्या आठवड्यात." तिचा आवाज सावकाश होत गेला. "आम्हाला वाटलं पाजताना नळी चुकली. नौफा, काय झालंय?"

"माझा नवरा पिवळा पडलाय."

"तो जअदा घेतोय? किती?"

"तू सांगितलीस तेवढी. आठ पेले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती ओरडली, "बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा आणि शहरातल्या इस्पितळात न्या! मी निघते."

शेजारच्या अव्वादची पिकअप होती. जदआनला मागच्या सीटवर आडवं केलं. तो गुंगीत होता, मधेच 'किती दिवस झाले?' विचारायचा. आत्या पुढे बसली, ओढणी नाकापर्यंत. तीन तासांचा रस्ता. वाटेत तिने एकदाच तोंड उघडलं.

"तिथे विचारतील, काय घेतलं. सांगू नकोस."

"आत्या!"

"नाव गेलं तर सगळं गेलं."

खिडकीबाहेर उघडे माळ मागे पळत होते. जदआनचं डोकं माझ्या मांडीवर तापलेल्या दगडासारखं जड होतं. मी मनात ठरवलं, सांगणार. मग सासू जन्मभर बोलली नाही तरी चालेल. ठरवलं खरं, पण इस्पितळात डॉक्टरने वही उघडून "काही झाडपाला, काढा वगैरे?" असं विचारलं तेव्हा मी जदआनच्या खाटेकडेच बघत राहिले. आत्या माझ्या मागेच उभी होती.

"जअदा," मागून आवाज आला. "घट्ट काढा. रोज आठ पेले, अठरा दिवस. माझ्या हातचा."

डॉक्टरने मान वर केली. हा पन्नाशीचा होता, दमलेला. तो आत्याला रागे भरला नाही. रागे भरला असता तर बरं, असं तिला वाटलं असेल. त्याने फक्त लिहून घेतलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणी घेतलं?"

"नाही," आत्या म्हणाली.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. रोज सकाळी रक्त काढायचे आणि दुपारी काविळीचा आकडा सांगायचे. आकडा वाढत होता. एका संध्याकाळी जदआनने मला ओळखलं नाही, मला आपली मेलेली बहीण समजला. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि घशातून आवाज फुटू नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. आत्या व्हरांड्याच्या टोकाला जमिनीवर बसलेली असायची. जपमाळ हातात, मान खाली. मी तिच्याशी बोलत नव्हते. तिच्यापुढे भाकरी ठेवायची आणि तशीच उचलायची. उपाशी राहून प्रायश्चित्त घेतेय, घेऊ दे, असं मला वाटायचं. अल्ला मला माफ करो, मला त्यात बरंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी आकडा उतरला. डॉक्टर म्हणाला, "दिशा बदललीय. तरुण आहे, निभावेल." त्याच वेळी लुबना आली. ती पहिल्या दिवसापासून रोज यायची आणि दाराशी उभी राहायची, आत यायचं धैर्य तिला होत नव्हतं. रडून तिचं नाक सुजलं होतं. वही मात्र अजूनही काखेत होती. मी तिचा हात धरला आणि ओढतच व्हरांड्यात नेलं. आत्यासमोर बसले. चार दिवसांचा अबोला विसरले.

"आत्या, उतरतंय! तो वाचला!"

आत्याने जपमाळ खाली ठेवली. ओढणी मागे सारली आणि दोन्ही हात आभाळाकडे करून वर बघितलं. व्हरांड्याच्या खिडकीतून सकाळचं ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर पडलं. डोळ्यांत काजळ होतं. काजळाच्या आत जे पांढरं असायला हवं ते हळदीसारखं होतं. कपाळ, गाल, मानेच्या सुरकुत्या, सगळं पिवळं.

लुबनाच्या काखेतली वही पडली.

"किती?" मी विचारलं. "आत्या, किती प्यालीस?"

"त्याच्याएवढंच." तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "चार पहाटे, चार रोजा सोडल्यावर. मग काय, त्याला एकट्याला पिऊ देणार होते? त्याच्या आधी माझं तोंड. पहिल्या दिवसापासून."

"आणि डॉक्टरला नाही म्हणालीस?"

"दोघं पडलो असतो तर तुझे दोन तुकडे झाले असते. आधी पोराचं होऊ दे म्हटलं."

मी तिच्या पायांना मिठी मारली आणि ओरडत सुटले. अठरा दिवस मी एका माणसाच्या डोळ्यांत इतकी बघत राहिले की दुसऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं. रिकामं पोतं, पातेल्यातला उरलेला काढा, ओढलेली ओढणी. सगळं माझ्यासमोर मांडलेलं होतं. नर्स धावत आल्या. त्यांनी तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं तेव्हा तिचं वजन पोरीएवढं भरलं असेल.

खुर्ची वळायच्या आधी तिने लुबनाला जवळ बोलावलं. "वही उचल, पोरी."

"हज्जा, मला माफ करा, मी थट्टेत..."

"उचल म्हणते ना. उंदरांचं लिहिलंस, तसं माझंही लिही. हमदा. रोज आठ पेले. अठरा दिवस." ती दम खायला थांबली. "पोट अजिबात दुखलं नाही. हे नीट लिही. एकदासुद्धा नाही."

लुबनाने लिहिलं. रडत लिहिलं, पण लिहिलं.

आत्या अकरा दिवस टिकली. जदआन स्वतःच्या पायांनी तिच्या खाटेपर्यंत जाऊ शकला, तेव्हा तिला त्याची ओळख उरली नव्हती.

पुढच्या वसंतात पाऊस बरा झाला. जअदा आमच्या टेकडीवर, अगदी घरामागे उगवली. आम्ही विळा लावला नाही. जदआनचं पोट पुन्हा जळायला लागलंय. तो गोळ्या घेतो आणि कधी कधी नुसता टेकडीकडे बघत बसतो, तेव्हा मी विळा जागेवर आहे ना ते बघून येते.

एका सकाळी खालच्या वाडीची तीच बाई आली. या खेपेला लेकाचा चेहरा आणखी ओढलेला होता. ती आत्यासाठी दोन शब्द चांगले बोलली, डोळे पुसले, आणि मग मुद्द्यावर आली.

"थोडी असेल तर दे गं. एवढी उगवलीय."

"नाही देत आम्ही आता. लेकाला शहरात ने. मी अव्वादला सांगते, त्याची गाडी आहे."

"इतकं ऐकलं बाई लोकांकडून. पण मला एक सांग, खरं सांग." ती माझ्याकडे सरकली. "पोट बरं होतं ना त्याने?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिच्या लेकाकडे बघितलं तर खोटंच बोलायला हवं होतं. पण आत्याचं शेवटचं धड बोलणं तेच होतं, आणि ते वहीत लिहिलेलं होतं.

"पोट बरं होतं," मी म्हणाले. "त्यानेच माणूस फसतो."

तिची नजर माझ्या खांद्यावरून टेकडीकडे गेली. ते मला दिसलं. मी आत जाऊन सेजचा चहा केला, पेला भरला, आणि तिच्यासमोर आधी स्वतः एक घोट घेतला. मग दुसरा भरून तिला दिला. तिने तो हातात धरला आणि पिण्याआधी बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिली.